उलाळ गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘अमेरिकेतील माझे अनुभव’. मी त्यांना फोनवरच म्हटलं, अरे, तिथं मी सकाळी उठतो, कामाला जातो, संध्याकाळी येऊन भांडी घासतो. हे ऐकायला लोक सुरतेहून, पुण्याहून असोद्याला कशाला येतील? भरीत-पुरीसाठी येतील हे खरं, पण भाषणासाठी नाही. तेव्हा मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. काल रात्रीपर्यंत तीही पक्की नव्हती. आज सकाळी शाळेच्या फाटकात मंडपाच्या खुर्च्या घेऊन आलेली ट्रॉली पाहिली आणि पक्की झाली. ट्रॉलीबद्दल शेवटी बोलतो. ती कुणाची आहे हे मला माहीत आहे, आणि तो चौथ्या रांगेत बसून आत्ताच खाली बघायला लागलाय.

तर माझा एक नाद आहे. घरच्यांच्या मते खूळ. माझ्याकडे १९९४ची एक छोटी, दोन माणसांची माझ्दा मियाता गाडी आहे. आतले गालिचे, मागचं सामान सगळं काढलेलं, वळणात आधार देणारी सीट, डोक्यावर लोखंडी पाइपांचा पिंजरा. ही गाडी मी वर्षातून चार-पाच वेळा रेसच्या ट्रॅकवर नेतो. रेस नसते, नंबर नसतो, बक्षीस नसतं. हेल्मेट घालायचं, पैसे भरायचे आणि दिवसभर आपली गाडी वळणात कशी वागते ते शिकायचं. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेला असे दिवस होतात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरही होतात. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. आमच्यापासून बटनविलो नावाचा ट्रॅक पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. जळगावहून मुंबईला निघालं आणि थोडं अलीकडेच उतरलं, एवढं अंतर.

गाडी चालवत का नेत नाही, असं मला सगळे विचारतात. नेता येते. पण ट्रॅकवर दिवसभर पिळून काढलेली गाडी संध्याकाळी घरी पोचेलच याची खात्री नसते. ब्रेकचे पॅड संपतात, टायरचे गोटे होतात, कधी क्लच जातो. म्हणून ती ट्रेलरवर चढवायची आणि दुसऱ्या गाडीनं ओढत न्यायची. माझी ओढणारी गाडी आहे २००४ची टोयोटा फोररनर. आपल्याकडच्या जुन्या सफारी-स्कॉर्पिओच्या जातीची समजा. वीस वर्षांची म्हातारी, पण इंजिन ठणठणीत. तीच मला महागात पडणार होती. इंजिन ठणठणीत असलं की माणसाला वाटतं, ओढेल की. ओढणं हा प्रश्नच नसतो. ओढतं कुणीही. प्रश्न असतो थांबवण्याचा आणि सरळ ठेवण्याचा.

दुसऱ्याच वेळी मी निघालो होतो. माझा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, शेजारी बसलेला. आदल्या रात्री घाईत सामान भरलं. ट्रेलरवर गाडी चढवली, पुढं जागा थोडी होती, मागं भरपूर. म्हणून जादा चार चाकं, जॅक आणि हत्यारांची पेटी, मिळून शंभरेक किलो, ट्रेलरच्या अगदी शेपटाला बांधून टाकली. छान बसली. मला तर ते पाहून समाधान वाटलं.

आमच्याकडून पूर्वेला जाताना अल्टामाँट पास नावाचा घाट लागतो. डोंगर फार उंच नाहीत, पण वारा असा की शेकडो पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. धुळे-साक्रीकडच्या पठारावर दिसतात तशाच. घाट चढलो, ठीक. पलीकडे उतार लागला. कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. मी उताराच्या भरात ६५ला पोचलो होतो. शेजारून मोठा ट्रक गेला, त्याच्या मागोमाग वाऱ्याचा एक झोत आला आणि माझ्या गाडीची मागची बाजू कुणीतरी हातानं ढकलल्यासारखी डावीकडे सरकली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. आरशात पाहिलं तर ट्रेलर मला कधी या बाजूच्या आरशात पूर्ण दिसतोय, कधी त्या बाजूच्या. जत्रेतल्या हत्तीसारखा डुलत होता.

मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. ब्रेक मारला. आणि तेच चुकलं. पुढची गाडी मंदावली, मागचं दोन टनांचं वजन तिरकं येऊन तिला ढकलायला लागलं, झोका आणखी मोठा झाला. माझी मागची चाकं शेजारच्या पट्ट्यात गेली. त्या वेळी त्या पट्ट्यात कुणी नव्हतं, एवढंच.

डॅशबोर्डखाली एक छोटा डबा असतो. ट्रेलरच्या चाकांना विजेवर चालणारे ब्रेक असतात, त्यांचा तो कंट्रोलर. पायानं ब्रेक दाबला की तो ट्रेलरचेही ब्रेक लावतो. पण त्याला बाजूला एक पट्टी असते. ती बोटानं दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, पुढच्या गाडीचे नाही. ट्रेलर विकणाऱ्या म्हाताऱ्यानं मला ती पट्टी दोनदा दाखवली होती आणि मी मान डोलावली होती, जशी आपण गणिताच्या तासाला डोलवायचो. कसं कोण जाणे, तो आठवला. ब्रेकवरचा पाय काढला, अ‍ॅक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि ती पट्टी दाबली. ट्रेलर मागून ओढल्यासारखा ताणला गेला. दोन झोके, तीन झोके, आणि सरळ. बैलाच्या वेसणीला मागून कासरा लागावा तसा.

कडेला थांबलो. मुलगा काही बोलला नाही. त्यानं फक्त दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले होते. मला वाटतं, थरथरत होते ते दिसू नयेत म्हणून.

खाली उतरून मागं गेलो, ट्रेलरचं शेपूट पाहिलं, त्यावरची ती चार चाकं पाहिली, आणि मला तिथं, अमेरिकेतल्या रस्त्याच्या कडेला, माझ्या आबांचा आवाज ऐकू आला. “उलाय झाली रे गाडी!”

उलाळ. आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून उलाय. इथल्या निम्म्या लोकांनी हा शब्द चाळीस वर्षांत ऐकला नसेल. बैलगाडीत मागं जास्त माल भरला की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून वर जायला लागतं, गाडी मागं कलंडू पाहते. ती उलाळ गाडी. उलट पुढं जास्त भरला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. दोन्ही वाईट. आबा कपाशी भरायचे, कडबा भरायचे, आणि बैल जुपायच्या आधी दर वेळी दोन्ही हातांनी जू उचलून बघायचे. “पह्यले जू उचलून पाह्य, मंग बैल जुप.” थोडं जड लागलं पाहिजे, पण एका माणसाला उचलता आलं पाहिजे. हे त्यांचं माप. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. १८८० साली याच गावात जन्मलेल्या बहिणाबाईंनाही येत नव्हतं. या गावात अक्षर न येणाऱ्या माणसांना काय काय येत होतं, याची यादी कुणी केली नाही.

आता तेच इंजिनिअरच्या भाषेत. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढं, जोडणीच्या गोळ्यावर यायला पाहिजे. त्याहून कमी आलं की ट्रेलरला डुलायची सवय लागते. प्रत्येक ट्रेलरचा एक वेग असतो. त्याच्या खाली डुलणं आपोआप विरतं. त्याच्या वर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग कोणता हे बऱ्याच अंशी वजन कुठं ठेवलंय त्यावर ठरतं. म्हणजे गावातल्या रस्त्यावर गाय असलेला ट्रेलर हायवेवर उताराला वळू होऊ शकतो, आणि आधी काही सांगत नाही.

घरी आल्यावर मी सगळं सामान तसंच्या तसं पुन्हा लादलं आणि मोजलं. ट्रेलर ८०० किलो, गाडी जेमतेम १,०००, वरचं सामान १००. एकूण १,९००. आणि पुढच्या गोळ्यावर किती? ९५ किलो. पाच टक्के. आबांनी जू उचलताक्षणी ओळखलं असतं.

हे मोजलं कसं, ते मला आपल्या विज्ञानाच्या सरांना सांगायचंय. सर, तुम्ही इथं आहात म्हणून जास्तच आनंदानं सांगतो. घरातला वजनकाटा दीडशे किलोपर्यंतच. दोनशे किलोचं तोंड त्यावर ठेवलं तर काटाच मोडेल. मग मी एक मजबूत फळी घेतली. एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, मध्ये तीन फूट अंतर. ट्रेलरचं तोंड विटेपासून एक फुटावर टेकवलं. टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारची तरफ, सर! काटा जो आकडा दाखवतो त्याची तिप्पट म्हणजे खरं वजन. आठवीत त्या प्रश्नाला मला दहापैकी तीन मार्क दिले होते तुम्ही. ते बरोबरच होते.

मग ती चाकं आणि पेटी शेपटावरून काढून गाडीच्या पुढं बांधली. फक्त तेवढंच केलं. फळी पुन्हा लावली, काटा ६९ दाखवायला लागला. म्हणजे २०७ किलो, जवळपास ११ टक्के. शंभर किलो सामान मागून पुढं आणलं आणि तोंडावरचं वजन दुपटीहून जास्त झालं. गाडी स्वतः एक वीत पुढं-मागं केली तरी साठेक किलोंचा फरक पडतो. म्हणून आता मी ट्रेलरच्या फळीवर रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे, पुढची चाकं त्याच रेघेवर येतात.

पण तोंडावर कितीही ठेवून चालत नाही, तिथं दुसरी फट आहे. माझ्या जुन्या गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीच्या लोखंडावर, एक पट्टी आहे. ओढायचं वजन ५,००० पौंड, म्हणजे २,२६८ किलो. तोंडावर ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. माझ्या १,९०० किलोला दहा टक्के म्हणजे १९०. तर १९० ते २२७ एवढ्याच फटीत मला बसायचं आहे. आणि लोक विसरतात ते हे की तोंडावरचे २०० किलो म्हणजे तुमच्या गाडीत मागं बसलेली तीन माणसं. ती धरूनच गाडीची क्षमता मोजायची. त्यात बायको-पोरं, बर्फाचा डबा, पाण्याचे कॅन भरले की मागचे स्प्रिंग बसतात, नाक वर होतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं वाटायला लागतं. ते लोणी चांगलं नाही. रात्री तुमचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

आणखी एक. पट्टीवरचा आकडा हा गाडी नवी असतानाचा. वीस वर्षांच्या गाडीला तो लागू आहे असं धरायचं असेल तर गाडीला तसं ठेवावं लागतं. त्या प्रवासानंतर मी पहिलं काम केलं ते ब्रेक ऑइल बदलण्याचं. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर गावात काही कळत नाही, पण लांब उतारावर ब्रेक तापले की त्यातलं पाणी उकळतं, वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दुसरं, गिअरबॉक्सचं ऑइल आणि त्याला एक जादा कूलर. ऑटोमॅटिक गाडी ओझं ओढताना टॉप गिअरमध्ये सारखी वर-खाली करते आणि गिअरबॉक्स तापतो. म्हणून टॉप गिअर बंद ठेवायचा. आणि उताराला, ज्या गिअरनं चढलो त्याच गिअरनं उतरायचं. हे आपल्या एसटीच्या ड्रायव्हर लोकांचं वाक्य. कन्नडचा घाट ज्यानं मालगाडी घेऊन उतरलाय त्याला मी हे सांगायची गरज नाही.

वेगाचं गणित फक्त एकदा सांगतो. ५५चे ६५ मैल केले तर वेग वाढतो १८ टक्के, पण गाडीत साठलेली, ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वाढते ४० टक्के. त्या दहा मैलांनी पावणेचारशे किलोमीटरला मला चाळीस मिनिटं वाचली असती.

टायर. इथं प्रत्येकानं आज घरी जाऊन आपल्या गाडीचे टायर बघावेत. टायरच्या अंगावर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३२१४ असेल तर २०१४ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उभे राहून मरतात. नक्षी नव्यासारखी आणि रबर आतून वाळलेलं. माझ्या ट्रेलरचे टायर मी विकत घेतले तेव्हा चकचकीत काळे होते, आकडे पाहिले तर बारा वर्षांचे. आपल्या ट्रॉल्यांचंही हेच. वर्षाचे आठ महिने खळ्यात उन्हात उभी आणि मग एकदम केळी नाहीतर कापूस भरून पळायचं. हवा कमी असेल तर तापायला वेळ लागत नाही. मी पहिल्या तासाभरात एकदा थांबतोच. चाकाच्या मध्यावर हाताची मागची बाजू लावून बघतो. चारही सारखे कोमट लागले तर ठीक. एकच चटका देणारं असेल तर बेरिंगचं ग्रीस संपलंय किंवा ब्रेक धरलाय. त्याच थांब्यावर चाकाचे नट पान्यानं बघतो आणि गाडी बांधलेले पट्टे पुन्हा आवळतो, कारण पहिल्या वीस किलोमीटरात गाडी आपल्या स्प्रिंगांवर बसते आणि पट्टे सैल पडतात. चार कोपऱ्यांना चार पट्टे, प्रत्येक स्वतंत्र. एक तुटला तर बाकीचे तीन धरून राहिले पाहिजेत. कडब्याच्या गाडीला एकच नाडा टाकून निघणाऱ्यांची काय गत होते ते आपण ममुराबादच्या रस्त्यावर लहानपणी पुष्कळदा पाहिलंय, आणि पडलेला कडबा पळवलाही आहे.

जोडणीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ती नीट झाली नसली तरी झाल्यासारखी दिसते. गोळा दोन इंचाचा हवा आणि तुम्ही थोडा लहान लावला, तर कप त्यावर बसतो, खटका पडतो, सगळं बरोबर दिसतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडी मारून बाहेर येतं. म्हणून खटका पडला की मी ट्रेलरचा जॅक उलटा फिरवून तोंड वर उचलतो. त्याबरोबर गाडीचं बूड वर आलं पाहिजे. आलं तर जोडलं गेलंय. नाही आलं तर तो नुसता टेकलाय. मग खाली दोन साखळ्या, एकमेकींवर फुली मारून. जोडणी सुटलीच तर तोंड जमिनीत न घुसता त्या साखळ्यांच्या पाळण्यात पडतं. आणि एक बारीक तार. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती तार एक पिन उपसते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीतून त्याचे ब्रेक आपोआप लागतात. आमची गल्लीतली मंडळी हसतात, एवढी कसली पूजा करतोस. मी म्हणतो, बैलपोळ्याला करायचो, तशीच.

आता ट्रॉली.

मित्रा, तुझ्या ट्रॉलीच्या पिनेला क्लिपच्या जागी वाकवलेला खिळा आहे. साखळी नाही. मागं लाल दिव्याच्या जागी नुसतं भोक आहे, आणि जिथं रिफ्लेक्टर पाहिजे तिथं ‘पुन्हा भेटू’ लिहिलंय. मी मुद्दाम तुझ्याकडे बघून बोलतोय, कारण दहावीला माझ्या सायकलचे ब्रेक तूच बसवून दिले होतेस. तुला येतं सगळं.

ज्यांची ट्रॅक्टरं आहेत त्यांनी दोन-तीन गोष्टी माझ्याकडून ऐकून घ्या. मी ट्रॅक्टर वीस वर्षांत चालवला नाही, पण वजन सगळीकडे सारखंच वागतं. ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात, डावा-उजवा वेगळा, शेतात वळायला. रस्त्यावर येताना ते दोन पेडल जोडणारी पट्टी टाकलीच पाहिजे. भरलेली ट्रॉली मागं असताना एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीतच. सगळं ओझं ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थांबवायचं. म्हणून उताराला डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, किती वाचलं? फसलेली ट्रॉली काढताना साखळी कधी वरच्या पॉइंटला बांधू नका, खालच्या हुकालाच. वरून ओढलं की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि चालवणाऱ्याला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॉली भरताना मजूर मागून भरायला सुरुवात करतात कारण फळका मागं उघडतो. पुढून भरून घ्या. उलाय होऊ देऊ नका.

आणि दिवे. इथं मला थोडं थांबावं लागेल.

माझा मोठा चुलतभाऊ, दादा, तुमच्यापैकी बरेच जण त्याला ओळखत होते. आपल्या शाळेचाच, आपल्याहून पाच वर्षं पुढं. १९९७च्या डिसेंबरात जळगावहून रात्री मोटारसायकलवर घरी येत होता. रस्त्यात एक भरलेली ट्रॉली आस मोडून उभी होती. ट्रॅक्टर सोडून घेऊन गेले होते, ट्रॉली तशीच. मागं चार दगड ठेवले होते आणि बाभळीची एक फांदी. समोरून ट्रकचे दिवे आले. दादाला ट्रॉली दिसलीच नाही. ट्रॉली कुणाची होती ते मी सांगणार नाही, त्यांनीही पुढं खूप सोसलं. वहिनी आज इथं बसल्या आहेत. काल रात्री त्यांना विचारलं, हे बोलू का? त्या म्हणाल्या, “बोला भाऊ, पन रडू नका.” म्हणून रडत नाही.

अल्टामाँटच्या उतारावर कडेला थांबलो होतो तेव्हा मुलगा तासाभरानं पहिल्यांदा बोलला. म्हणाला, “बाबा, मागचे दिवे चालू आहेत ना?” मी खाली उतरून पाहिलं. चालू होते. दादाची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नव्हती. त्याला फक्त मागून येणाऱ्या गाड्यांची भीती वाटत होती. त्या दिवशी आम्ही पुढच्या गावात, ट्रेसीला, एका दुकानाच्या मोकळ्या जागेत थांबून चाकं पुढं बांधली आणि ट्रॅकवर न जाता घरी परतलो. परतताना तोच घाट उलट्या बाजूनं, ५० मैलांनी. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. वाजवू दिले.

तो मुलगा आता स्वतः ट्रेलर ओढतो. निघण्याआधी तोंड उचलून बघतो आणि “उलाय नाही” असं त्याच्या अमेरिकन मराठीत म्हणतो. ‘य’ मात्र अगदी आबांसारखा काढतो.

बाई घड्याळ बघतायत. त्यांची ती नजर मला अजून कळते. संपवतो. लाल-पांढऱ्या चकाकणाऱ्या पट्टीची तीन बंडलं मी जळगावातून काल घेऊन आलोय, आणि पिनेच्या सहा क्लिपा. माझ्या पिशवीत आहेत, ती पिशवी स्टेजच्या डाव्या बाजूला आहे. ज्यांची ट्रॉली आहे त्यांनी घेऊन जायच्या, पैसे विचारायचे नाहीत. आणि चौथ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, तू जेवायच्या आधी माझ्याबरोबर फाटकापाशी चल. तुझी ट्रॉली आपण दोघं मिळून दहा मिनिटांत करू. ‘पुन्हा भेटू’च्या वर जागा आहे, मी सकाळीच बघून ठेवली आहे.